प्रकाश आणि तेज : मळवलीच्या छापखान्यातील निसर्गचित्रण व उदात्ततेचा प्रश्न

प्रस्तावना

मुंबई-पुणे लोहमार्गावर लोणावळ्यानंतर येणारे मळवली हे स्थानक भाजे व कार्ले येथील लेण्यांकडे जाणाऱ्यांना आणि लोहगड-विसापूर चढणाऱ्यांना परिचयाचे आहे. आधुनिक भारतीय चित्रकलेच्या इतिहासात मात्र या लहानशा गावाचे स्थान वेगळ्याच कारणाने निश्चित झाले आहे. राजा रविवर्मा (१८४८-१९०६) यांनी मुंबईत १८९४ मध्ये सुरू केलेला शिळामुद्रणाचा छापखाना मुंबईतील प्लेगच्या वर्षांत मळवलीस आला. पुढे तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला, कित्येक दशके चालला आणि १९७२ मध्ये आगीत नष्ट झाला. या छापखान्याच्या अनेक चित्रांच्या खालच्या कडेस 'कार्ले-लोणावळे' असा स्थळनिर्देश आढळतो. घरोघरच्या देव्हाऱ्यांत पोचलेली लक्ष्मी, सरस्वती आणि शंकर यांची रूपे अशा रीतीने मावळच्या पत्त्यावरून देशभर गेली.

या चित्रांविषयी आजवर जे लिहिले गेले, ते प्रामुख्याने त्यांतील मानवाकृतींविषयी आहे : देवतांचे चेहरे, स्त्रियांची वस्त्रे, दागिने, नाटकी हावभाव. त्या आकृतींच्या मागे जो निसर्ग आहे, जे डोंगर, जे पाणी, जे आकाश आहे, त्याकडे समीक्षेने पार्श्वभूमी म्हणूनच पाहिले. प्रस्तुत लेखाचा विषय ती पार्श्वभूमी हा आहे. युरोपीय रोमँटिक निसर्गचित्राने प्रकाशाच्या आधारे जो उदात्ततेचा प्रत्यय घडविला, तो तैलरंगातून रविवर्म्यापर्यंत आला आणि तेथून मळवलीच्या दगडावर उतरला. या प्रवासात प्रकाशाचे काय झाले, असा प्रश्न येथे विचारावयाचा आहे.

उदात्त आणि मराठीतील दोन शब्द

'उदात्त' ही संज्ञा मराठी समीक्षेत बहुधा नैतिक उंचीच्या अर्थाने वापरली जाते. उदात्त चारित्र्य, उदात्त हेतू असे आपण म्हणतो. सौंदर्यशास्त्रातील उदात्त याहून वेगळे व काहीसे कठोर आहे. एडमंड बर्क या विचारवंताने १७५७ मधील आपल्या ग्रंथात त्याचा संबंध भयाशी जोडला. जे अफाट आहे, अस्पष्ट आहे, ज्याची सीमा दिसत नाही, ते मनाला प्रथम दडपते आणि त्या दडपणातूनच एक प्रकारचा आनंद देते. कांटने १७९० मध्ये या विचारास तात्त्विक शिस्त लावली. निसर्गाची प्रचंड शक्ती आपण सुरक्षित स्थळावरून पाहत असू, तरच तिचा उदात्त म्हणून अनुभव येतो, ही त्याची अट प्रसिद्ध आहे. रा. भा. पाटणकर यांनी कांटची सौंदर्यमीमांसा मराठीत विस्ताराने मांडली असल्यामुळे तिची पुनरुक्ती येथे करण्याचे कारण नाही. बर्कचे प्रकाशाविषयीचे एक निरीक्षण मात्र पुढील विवेचनास आवश्यक आहे. साधा उजेड उदात्त नसतो, असे तो सांगतो. डोळे दिपविणारा सूर्य, क्षणात येऊन जाणारी वीज आणि प्रकाशाकडून अंधाराकडे होणारे झटपट संक्रमण, ही त्याच्या मते उदात्ताची साधने होत.

आपल्या भाषेत या संदर्भात दोन शब्द उपलब्ध आहेत आणि त्यांतील भेद या लेखाचा आधार आहे. प्रकाश बाहेरून पडतो. तेज आतून येते. डोंगरावर प्रकाश पडतो, तपस्व्याच्या मुखावर तेज असते. प्रकाशाला दिशा असते, सावली असते, वेळ असते. सकाळचा प्रकाश आणि सायंकाळचा प्रकाश भिन्न असतो. तेजाला वेळ नसते आणि त्याची सावलीही पडत नाही. रोमँटिक निसर्गचित्रातील उदात्तता ही संपूर्णतः प्रकाशाची उदात्तता आहे. टर्नरच्या समुद्रावरील धूसर सूर्य असो, की कास्पर डाव्हिड फ्रीडरिख याच्या धुक्यावर उभ्या असलेल्या प्रवाशासमोरचे विरळ उजळलेले आकाश असो, तो उजेड मनुष्याचा नसतो. मनुष्य त्याच्यापुढे लहान असतो.

घाटमाथ्यावरून पाहणारा डोळा

हा डोळा मावळात फार लवकर आला. विल्यम वेस्टॉल (१७८१-१८५०) हा इंग्रज निसर्गचित्रकार फ्लिंडर्सच्या ऑस्ट्रेलियाच्या सफरीवर गेला होता. परतीच्या वाटेवर १८०४ मध्ये तो मुंबईस उतरला आणि तेथून बोरघाट व कार्ल्याकडे गेला. त्याच्या रेखाटनावरून तयार झालेले बोरघाटाच्या माथ्यावरील दृश्य कॅप्टन ग्रिंडलेच्या १८२६ ते १८३० या काळात लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या पश्चिम भारताच्या चित्रसंग्रहात आहे. घाटातून चाकाच्या वाहनांचा रस्ता १८३० मध्ये सर जॉन माल्कमच्या कारकिर्दीत खुला झाला आणि लोहमार्ग १८६३ मध्ये. वेस्टॉलने पाहिलेला घाट म्हणजे अद्याप धाप लागणारी चढण होती.

त्याने निवडलेली जागा महत्त्वाची आहे. त्याचा प्रेक्षक माथ्यावर उभा आहे. चढण संपलेली आहे, धोका मागे राहिला आहे आणि खाली कोकणाकडे उतरत जाणाऱ्या कड्यांची रांग समोर आहे. कांटची अट येथे भूगोलानेच पूर्ण केली आहे. अशा दृश्यात प्रकाशाचे मुख्य कार्य अंतर दाखविण्याचे असते. जवळचा खडक गडद, त्यामागचा फिका आणि शेवटचा डोंगर जवळजवळ आकाशातच मिसळलेला, अशी उतरती श्रेणी डोळ्यास दूरवर घेऊन जाते. विस्तार मोजता येतो, आणि मोजता मोजता तो आवाक्याबाहेर जातो. सह्याद्रीचा युरोपीय परंपरेतील हा एक आरंभीचा उदात्त आविष्कार मानावयास हरकत नाही. त्याबरोबर हेही नमूद करावे लागेल की, असे दृश्य मोकळ्या, स्वच्छ हवेचे असते. दऱ्या तळापर्यंत दिसल्या तरच त्याचे गणित जमते. वर्षातले जे चार महिने घाटमाथा ढगात बुडालेला असतो, ते या पद्धतीच्या चौकटीत मावत नाहीत.

दगडावरचा उजेड

वेस्टॉलनंतर सुमारे एका शतकाने मळवलीत जे घडले, ते समजण्यासाठी शिळामुद्रणाची प्रक्रिया थोडी तपशिलात पाहिली पाहिजे. कलासमीक्षेत तंत्राचा उल्लेख अनेकदा तळटीपेपुरता उरतो. या प्रकरणी तो मूळ मुद्दाच आहे.

तैलचित्रात प्रकाश हा रंगाचा एक थर असतो. चित्रकार गडद भागांवर हळूहळू चढत जातो आणि अखेरीस पांढऱ्या रंगाचा जाड फटकारा देऊन सर्वांत उजळ जागा निर्माण करतो. तो फटकारा पृष्ठभागावर किंचित उंच असतो आणि खोलीतला खरा उजेडही पकडतो. शिळामुद्रणात क्रम उलटा होतो. बारीक कणांच्या चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने वा शाईने रेखाटन करावयाचे, दगड ओला करावयाचा आणि मग शाई लावावयाची. तेलकट भाग शाई धरतो, ओला भाग ती नाकारतो. प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र दगड लागतो. तैलचित्राचा आभास देणाऱ्या ओलिओग्राफसाठी अशा दहा-बारा किंवा त्याहून अधिक दगडांचे ठसे एकाच कागदावर एकावर एक बिनचूक जुळवावे लागतात. अखेरीस वॉर्निश फिरवितात. या सर्व क्रियेत मोठ्या अंशी उजळ जागा म्हणजे ज्या जागेवर कमीत कमी छापले गेले ती जागा. तैलचित्रात प्रकाश मिळवावा लागतो. शिळामुद्रणात तो राखून ठेवावा लागतो.

छटांचेही तसेच. ओल्या तैलरंगात डोंगराची कड आकाशात विरघळविता येते. दगडावर ती ठिपक्यांच्या दाट-विरळ मांडणीतून भासवावी लागते. चेहऱ्यासाठी, हातांसाठी, साडीच्या काठासाठी कारागीर हे कष्ट घेई, कारण गिऱ्हाईक तेथे पाहणार होते. दूरच्या डोंगरावर तेवढे ठिपके कोण खर्चील? परिणामी आकृतीला कड मिळाली आणि मागचे अंतर सपाट झाले. ज्या श्रेणीवर वेस्टॉलचा घाट उभा होता, तीच नेमकी छापखान्यात प्रथम गळाली.

गंगावतरण : एक वाचन

रविवर्मा छापखान्याच्या 'गंगावतरण' या चित्राचे उदाहरण घेऊ. विषयच असा आहे की त्यात उदात्ताची सर्व सामग्री आयती हजर आहे. हिमालय आहे, आकाशातून कोसळणारा प्रवाह आहे, आणि तो प्रवाह झेलला नाही तर पृथ्वी फुटेल हे भयही आहे. मध्यभागी शंकर खडकावर पाय रोवून, मान वर करून उभा आहे. एका बाजूस नंदीला टेकलेली पार्वती, दुसऱ्या बाजूस हात जोडलेला भगीरथ. वर आकाशात प्रवाहाबरोबर उतरणारी गंगा स्त्रीरूपात दिसते. मागे पर्वत आहेत.

या पर्वतांकडे पाहिले असता प्रथम लक्षात येते ते असे की ते शंकरापेक्षा लहान आहेत. चित्राच्या चौकटीत शिखरांची जी उंची आहे, ती शंकराच्या देहाने ओलांडली आहे. येथे उदात्त पर्वतातून निघून देहात शिरले आहे. वेस्टॉलच्या पद्धतीत मनुष्य लहान होऊन डोंगर मोठा होतो. येथे देव मोठा होऊन डोंगर त्याच्यामागचा पडदा होतो. 'पडदा' हा शब्द येथे केवळ अलंकार म्हणून वापरलेला नाही. त्या काळच्या मराठी रंगभूमीवर जंगलाचा पडदा, राजवाड्याचा पडदा असे रंगविलेले पडदे असत, आणि प्रेक्षकाची नजर त्यांना सरावलेली होती. पडद्यावरचा सूर्यास्त पात्राच्या चेहऱ्यावर पडत नाही, पात्राला पुढच्या दिव्यांचा उजेड असतो. हे कोणासही खटकत नसे.

रविवर्म्याच्या पौराणिक चित्रांतील एक दोष याच ठिकाणी आहे, आणि तो स्पष्टपणे सांगावयास हवा. आकृतीवरचा प्रकाश आणि निसर्गातला प्रकाश यांचा उगम अनेकदा एक नसतो. आकृती चित्रशाळेच्या खिडकीतून येणाऱ्या बाजूच्या उजेडात रंगविलेली, तर मागचे आकाश कोणत्या तरी प्रहरातले. रविवर्म्याचे बंधू सी. राजराजवर्मा हे स्वतः निसर्गचित्रणाकडे ओढा असलेले चित्रकार होते आणि पार्श्वभूमीच्या कामात त्यांचा मोठा वाटा होता. चित्रांत जाणवणारा सांधा हा काही प्रमाणात दोन हातांचा आणि दोन वृत्तींचाही सांधा आहे. उत्तम तैलचित्रांत वातावरणाचा एक मऊ थर हा सांधा झाकतो. दगडावर तो झाकला जात नाही.

पण येथेच एक अनपेक्षित गोष्ट घडते. प्रकाशाची दिशा हरवल्यावर आकृतीवरचा उजेड बाहेरून आलेला वाटेनासा होतो. शंकराच्या छातीवरची, कपाळावरची उजळ जागा ही कोणत्याही सूर्याची राहत नाही. ती त्याची स्वतःची होते. प्रकाशाचे तेज होते. तैलचित्राच्या कसोटीवर जो दोष, तोच देव्हाऱ्यातील चित्राचा गुण ठरला. भक्ताला जी मूर्ती हवी होती, तिच्यावर दिवसाचा प्रहर उमटलेला असून चालणार नव्हते. सायंकाळच्या उजेडातली लक्ष्मी सकाळच्या पूजेला कशी चालेल? गंगेचा प्रवाह तर छापील प्रतीत जवळजवळ कागदाचाच पांढरेपणा आहे. वॉर्निश जुने होऊन पिवळे पडलेल्या प्रतींत ती गंगा आज मधासारख्या रंगाची दिसते, आणि हा रंग कोणत्याही चित्रकाराने ठरविलेला नाही.

मोठ्या देहाची जुनी रीत

डोंगराहून मोठा देह ही कल्पना छापखान्याने शोधून काढली नाही. मळवलीहून पायी जाता येईल इतक्या अंतरावर, भाजे येथील विहाराच्या ओसरीत, इसवी सनापूर्वीची दोन शिल्पे आहेत. एकात चार घोड्यांच्या रथात बसलेला सूर्य विक्राळ देहांवरून जातो आहे. दुसऱ्यात हत्तीवर आरूढ झालेला इंद्र असून हत्तीने सोंडेत झाड उपटून धरले आहे. काही अभ्यासकांनी या आकृतींची ओळख वेगळी सुचविली आहे. त्या वादाने आपल्या मुद्द्यास बाध येत नाही. हत्तीखालचा भूप्रदेश पाहावा. झाडे, माणसे, राजा, नर्तक, सगळे चिमुकले. क्षितिज नाही, अंतर नाही, दूर गेल्यामुळे फिके होणे नाही. अफाटपणा आहे, पण तो मापांच्या विसंगतीतून आला आहे. आणि सूर्याच्या शिल्पात तर प्रकाशच देहधारी होऊन अंधाराला तुडवतो. त्याला वेगळा उजेड लागत नाही. भारतीय कलेतील उदात्ताची ही एक जुनी रीत आहे आणि 'गंगावतरण' नकळत तिच्याकडे परतते.

आनंद कुमारस्वामी, भगिनी निवेदिता प्रभृतींनी रविवर्म्यावर जी टीका केली, तिचा रोख असा की परकीय वास्तववादाने भारतीय देवतांचे दैवीपण नष्ट झाले, त्या नाटकातल्या पात्रांसारख्या झाल्या. नाटकीपणाचा आक्षेप मान्य करण्यास अडचण नाही. परंतु ही टीका मूळ चित्र आणि त्याची छापील प्रत यांत पुरेसा भेद करीत नाही. तैलचित्रातला वास्तववाद दगडावर उतरताना बराच झिजला होता. मुद्रित शंकर हा रंगविलेल्या शंकरापेक्षा कमी वास्तव आणि अधिक मूर्तिमय आहे. दैवीपण गेले असेल तर ते चित्रशाळेत गेले. मळवलीत त्याचा काही अंश परत आला.

याची किंमतही मोजावी लागली. उदात्तात भय असते आणि तेज भय उरू देत नाही. गीतेच्या अकराव्या अध्यायात हाच पेच आहे. विश्वरूपाच्या असह्य दीप्तीने अर्जुन भ्यालेला आहे आणि तो परिचित, सौम्य रूप पुन्हा मागतो. ज्ञानदेवांनी या अध्यायात शांत व अद्भुत या रसांची भेट पाहिली. ओलिओग्राफने अर्जुनाची ती मागणी मान्य केली आणि विश्वरूप बाजूस ठेवले. 'गंगावतरण' पाहताना पृथ्वी फुटेल असे क्षणभरही वाटत नाही. गंगेचे स्त्रीरूप दिसल्याबरोबर धोका संपतो, कारण जी उतरते आहे ती कोण, हे आपणास कळलेले असते.

मैसूरचे चित्र आणि मावळचा पाऊस

रविवर्म्याला या दुसऱ्या वाटेची जाण नव्हती असे मात्र म्हणता येत नाही. मैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील, १९०६ मधील, समुद्राचे गर्वहरण करणाऱ्या रामाचे चित्र त्याची साक्ष देते. राजराजवर्मा १९०५ च्या आरंभीच निधन पावले होते. निसर्ग रंगविणारा सहकारी आता नव्हता. तरीही, किंवा कदाचित म्हणूनच, या चित्रातला निसर्ग पडदा राहत नाही. काळवंडलेल्या आकाशात वीज आहे, लाटा खडकावर आदळताहेत, आणि क्रुद्ध राम त्या वादळाच्या आतच उभा आहे. बर्कने सांगितलेले झटपट संक्रमण येथे आहे : वीज चमकते तेथे उजेड, त्याला लागूनच अंधार. वरुण शरण येतो हे कथेने ठरविलेले आहे; चित्रात मात्र समुद्र अद्याप शमलेला नाही. रविवर्म्याच्या कारकिर्दीतील उदात्त निसर्गचित्रणाचा हा सर्वांत पूर्ण क्षण होय असे मला वाटते, आणि तो त्याच्या आयुष्याच्या शेवटच्या वर्षातला आहे.

या चित्रासमोर मळवलीच्या छापखान्यातील डोंगर आठवले म्हणजे एक उणीव तीव्रतेने जाणवते. लोहगड आणि विसापूर यांच्या पायथ्याशी इतकी वर्षे चित्रे छापली गेली. पण त्यांतील नामांकित पौराणिक चित्रांत ओळखू येईल असा सह्याद्री नाही. सपाट माथ्याचा, काळ्या थरांचा, कातळकड्यांचा हा डोंगर त्या निमुळत्या, बर्फाळ, कोणत्याही देशाच्या असू शकतील अशा शिखरांहून किती निराळा आहे! कारण उघड आहे. बाजार अखिल भारतीय होता आणि पुराणकथांचा डोंगर म्हणजे हिमालय. शिवाय दारातला पाऊस छपाईच्या बाजूचा नव्हता. लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. दमट हवेत कागद ताणतो, एका दगडाचा ठसा दुसऱ्यावर जुळत नाही, आणि ओठांचा लाल रंग ओठांबाहेर सरकतो. अशा कारखान्याला आषाढ-श्रावण म्हणजे निस्तरावयाची अडचण. ती चित्राचा विषय कशी होणार?

आणि तरी मावळचे उदात्त आहे ते त्याच महिन्यांत. वेस्टॉलच्या पद्धतीने ते दिसत नाही, कारण दूरचे काहीच दिसत नाही. तेजाच्या पद्धतीनेही नाही, कारण येथे उजेडाला देह नाही. ढग घाटमाथ्यावर टेकले की उजेड कोठून येतो हे सांगता येत नाही. तो सगळीकडून सारखाच, राखी, सावलीविना येतो. कडा आहे हे त्याच्या आवाजावरून कळते. भाज्याच्या वरच्या डोंगरावरून पाण्याच्या धारा धुक्यातून बाहेर पडतात आणि त्यांचा उगम झाकलेला असतो. 'गंगावतरण'मधील प्रवाहाच्या वरच्या टोकाशी हात जोडलेली देवी आहे. विसापूरच्या कड्यावरून पडणाऱ्या धारेच्या वरच्या टोकाशी फक्त पांढरेपणा आहे, आणि तो न छापलेल्या कागदाच्या फार जवळचा आहे.